पैलवानाची बेंबी

कट्टा गावातले आमचे घरमालक, काका, कुणाच्याही घरी गेले की उंबरठा ओलांडल्या ओलांडल्या खाली वाकायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हे आपल्या पाया पडताहेत. तो बिचारा संकोचून मागे सरायचा, "अहो अहो, काय हे, तुम्ही वडीलधारे" असं काहीबाही म्हणायचा. काकांचं त्याच्याकडे लक्षच नसायचं. ते कपाटाचे पाय बघत असायचे. मग टेबलाचे, मग खाटेचे, मग देव्हाऱ्याच्या चौरंगाचे. एवढं आटोपलं की सरळ उभे राहून, धोतराचा सोगा झटकून विचारायचे, "काय मगे, बरे आसात मां सगळे?"

कारण सांगते, नाहीतर तुम्हीही त्यांना वेड्यात काढाल. गावाने काढलंच होतं.

काका जोडचित्रं जमवायचे. काकांच्या लहानपणी सावंतवाडीकडचा कुणी एक मेस्त्री होता. साबणाच्या, चहाच्या, कंदिलाच्या, केसांच्या तेलाच्या कंपन्या तेव्हा दुकानदारांना भिंतीवर लावायला मोठमोठी रंगीत चित्रं वाटायच्या. जुनी झालेली चित्रं हा मेस्त्री दुकानादुकानांतून मागून आणायचा, पातळ फळीला सरसाने चिकटवायचा, वरून रोगण द्यायचा आणि अगदी बारीक पात्याच्या करवतीने, हाताने, तिचे शंभर-सव्वाशे वेडेवाकडे तुकडे कापायचा. खोक्यात भरून जत्रेत विकायचा. घरी नेऊन तुकड्याला तुकडा जोडत बसायचं, की पुन्हा साबणाची बाई तयार. पुढे मेस्त्री गेला, लोक विसरले, खोकी माळ्यावर पडली. साऱ्या किनाऱ्यावर ती खोकी हुडकत फिरणारा एकच माणूस होता आणि माझं नशीब असं थोर, की मी त्याच्याच घरात बिऱ्हाड केलं.

आता पायांचं. खोक्यातला एखादा तुकडा हमखास हरवलेला असायचा. काकांचं शास्त्र असं, की लाकडाचा चपटा तुकडा घरात मोकळा सापडला तर आपल्याकडचा माणूस तो फेकत नाही, डुगडुगणाऱ्या पायाखाली सारतो. शिरोड्याला एका निवृत्त मास्तरांकडे बिस्किटांच्या जाहिरातीचं खोकं मिळालं, त्यातल्या कुत्र्याला शेपूट नव्हतं. काका वाकले, आणि शेपूट देव्हाऱ्याच्या चौरंगाखाली निघालं. मास्तर म्हणाले, घ्या ओढून. काकांनी आधी कोटाच्या खिशातून फणसाच्या लाकडाच्या पाच-सहा पाचरी काढल्या, शेपटाच्या जाडीची एक निवडली, ती सारली, मग शेपूट काढलं. लोकांच्या देवांना हलवून आपला कुत्रा पुरा करायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. खोक्याच्या बदल्यात मास्तरांच्या बायकोला झंपराचं कापड दिलं. काकांचं कट्ट्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. दुपारी जेवायला म्हणून ते बंद व्हायचं आणि हातातलं चित्र सुटलं की उघडायचं. गिऱ्हाइकं पायरीवर बसून वाट बघायची.

मी घाटावरची, कराडची. हायस्कुलात गणित शिकवायला म्हणून ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास कट्ट्याला आले. खोली भाड्याने हवी म्हणून यांच्याकडे गेले, तर गाव नाही, जात नाही, माणसं किती ते नाही, काही विचारलं नाही. पुढ्यात एक खोकं ठेवलं आणि म्हणाले, "लावा." कंदिलाची जाहिरात होती. मी आपली हुशारीने कडेचे तुकडे आधी वेचले आणि भराभर चौकट लावली. "कडा कोणय लावता," काका म्हणाले. "मदलां आकाश लावन दाखवा, बाईनू." आकाश म्हणजे नुसता निळा. तासभर घाम गाळला. एक तुकडा थोडासा अडत होता म्हणून मी त्याच्यावर अंगठा ठेवला, तोच त्यांनी माझा हात धरला.

"दाबूचां नाय. बसता तर बसता."

मी हात काढून घेतला. तेवढ्यावर मला खोली मिळाली. माझ्या आधीचा एक तलाठी दाबून बसवत होता म्हणून त्याला परत पाठवला होता, हे मला मागाहून काकींनी सांगितलं.

काकींना या सगळ्याचा भारी वैताग. "ह्यां घर न्हय, लाकडाची वखार आसा," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं. पण मनाने चांगल्या. कंदिलाच्या चित्रात एक भोक होतं, काका त्याच्याकडे बघून कष्टी व्हायचे, म्हणून त्यांनी नवऱ्याच्या पाठीमागे सुताराकडून तेवढ्या मापाचा तुकडा करून, रंगवूनसुद्धा घेतला आणि गुपचूप बसवला. मला तर ओळखू आला नाही. काकांनी चित्रावरून नुसता हात फिरवला, तो तुकडा उचलला आणि म्हणाले, "हो आमच्यातलो न्हय." रागावले नाहीत. नेऊन काकींच्याच खाटेच्या पायाखाली सारला. खाट डुगडुगत नव्हती, ती तेव्हापासून डुगडुगायला लागली.

अशी एकोणीस खोकी होती. फळीवर ओळीने लावलेली, प्रत्येकावर काकांच्या वळणदार अक्षरात: साबणाची बाई, चहा पिणारा साहेब, कुत्रा व बिस्किट. विसावं खोकं सुतळीने बांधून वेगळं ठेवलेलं. त्यावर नाव नव्हतं. एकदा मी ते हातात घेतलं तर काका म्हणाले, "तां ठेवा. तां अर्धां आसा." आणि दुकानात निघून गेले, तेही वेळेवर.

मग काकींनी काय ते सांगितलं. काकांना एक धाकटा भाऊ. वडील वारल्यावर दोघांत वाटणी झाली, आणि वाटणीत ह्याचा कान पिळ, त्याची मान मुरगळ असं जे काही कोकणात होतं ते सगळं झालं. घर आणि दुकान थोरल्याला, मिठबावची आंब्याची बाग धाकट्याला. तांब्याची भांडी वजनावर. माड मोजून. शेवटी उरलं वडिलांनी जत्रेतून आणलेलं एक जोडचित्र. पाचक औषधाची जाहिरात. उघडा पैलवान, दंड फुगवून उभा, मोठं पोट, पिळदार मिशा. वडील दोन्ही पोरांना समोरासमोर बसवून ते लावून घ्यायचे म्हणे. पंच म्हणाले, हे एकाने ठेवा. दोघेही म्हणाले, बापूस दोघांचा, तर चित्र एकाला कशाला? झालं! पंचांनी खोकं पाटावर ओतलं आणि एक तुला, एक त्याला, असे डोळे मिटून तुकडे वाटले. कुणालाही हसू आलं नाही. मिशीचं एक टोक कट्ट्यात राहिलं, दुसरं मिठबावला गेलं. तुकडे निघाले एकशे एकवीस. साठ, साठ, आणि एक उरला. त्या एकावरून अर्धा दिवस भांडण. शेवटी सगळ्यांत म्हातारा पंच वैतागून म्हणाला, "उरलो तो देवाचो." उरली होती पैलवानाची बेंबी. ती ग्रामदेवाच्या देवळात गेली.

त्या दिवसापासून एकतीस वर्षं भाऊ भावाशी बोलला नव्हता. काकांनी त्याचं नावही टाकलं होतं. बाजारात तिकडचा कुणी भेटला तर विचारायचे, "मिठबाव काय म्हणता?" त्या माणसालाही सवय होती. "मिठबाव बरो आसा. गुडघे धरलेत." बस्स, एवढंच. जगाची भोकं भरत हिंडणारा हा माणूस, आणि स्वतःचं खोकं सुतळी बांधून ठेवलेलं. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. अजूनही थोडा येतो.

पुढे काकांना कडेचं दिसेनासं झालं. आधी वाटलं चष्मा बदलावा. सावंतवाडीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, उशीर झालाय, गेलं ते परत येणार नाही आणि राहिलंय तेही फार तर वर्षभर. काका घरी आले, एकोणीस खोकी एकेक करून लावली, बघितली, परत भरली. चार दिवस दुकान उघडलंच नाही. पाचव्या दिवशी विसाव्या खोक्याची सुतळी सोडली. साठ तुकडे होते. अर्धा पैलवान जाळीसारखा पाटावर पडला. त्याच्याकडे बघत मला म्हणाले, "बाईनू, दिसता हा तवसर एकदा पुरो बघूक व्हयो."

आता कुणीही शहाणा माणूस आधी भावाकडे गेला असता. काका देवाकडे गेले. दोघांपैकी देवाशी बोलणं चालू होतं, म्हणून असेल.

इकडे देवाला काही विचारायचं तर कौल लावतात. फुलाच्या ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी गणिताची बाई, माझा कशावर विश्वास नाही. मजा बघायला म्हणून गेले होते. गुरवाने विचारलं, आणि डावी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. तिसऱ्यांदाही तेच. गुरव पाकळ्या गोळा करत म्हणाला, "वाटणी दोघांसमक्ष झाली. देव एकट्याक कसो देतलो? दुसऱ्याक हाड, घेवन ये."

काका घरी येऊन खाटेवर पडले. खाट डुगडुगत होती. संध्याकाळी काकी माझ्या खोलीत आल्या आणि पहिल्यांदाच माझा हात धरून म्हणाल्या, "बाईनू, तुमी भायरची. तुमका कोण काय बोलूचा नाय. जावन येवा गो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी रविवारी मिठबावची एसटी धरली.

धाकटे दिसायला हुबेहूब काका, फक्त गुडघे धरलेले. बागेतल्या घराच्या पडवीत बसले होते. मी कट्ट्याहून आले म्हटल्यावर आधी पाणी दिलं, मग गूळ, मग विचारलं, "कट्ट्यान धाडल्यान तुमका?"

म्हणजे यांनीही नाव टाकलेलं. मी म्हटलं, "नाही. देवाने धाडलंय," आणि काचबिंदूपासून कौलापर्यंत सगळं सांगितलं. ते उठून आत गेले म्हणून मी मागोमाग गेले. आत भिंतीशी एक पाट होता, वर पांढरं फडकं. त्यांनी फडकं काढलं. साठ तुकडे मांडलेले होते, एकमेकांना न चिकटणारे, पण प्रत्येक आपल्या जागी. मधे भोकं. भोकांची जागासुद्धा मोजूनमापून सोडलेली. एकतीस वर्षं ते तसंच मांडून ठेवलं होतं.

"तेका अजून दिसता मां?" त्यांनी विचारलं.

"थोडं."

"मगे येतलंय. पण तुकडे मी देवचंय नाय. दाखवतलंय फक्त."

सोमवारी ते साठ तुकडे पितळी डब्यात घालून, डबा बगलेत मारून आले. जत्रेच्या आधीचा सोमवार होता. देवळात दोघे दोन टोकांना उभे राहिले, मधे मी. गुरवाने हात जोडले आणि वरच्या पट्टीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी दोन लेकरां तुज्या पायाकडे इली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळात जमलेली माणसं म्हणाली. जत्रेची झाडलोट चालली होती, बरीच होती.

"ह्येंच्या बापाशीन हाडलेल्या पैलवानाची बेंबी एकतीस वर्सां तुज्या ताब्यात आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती चार दीस ह्येंका दी, आणि जी काय चूकभूल झाली आसात ती पोटात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी पडली. माझ्याही तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं, उगाच कशाला खोटं बोलू?

गुरव आत गेला आणि ताम्हनात बेंबी घेऊन आला. देवाची वस्तू म्हटल्यावर ती इतर टाकांबरोबर देव्हाऱ्यात ठेवलेली. रोज स्नान, गंध, फूल. वरचा चित्राचा कागद नावापुरता उरला होता, पण आकार होता. घरी येऊन पाट मांडला. धाकट्यांनी डबा उघडला. दोघे समोरासमोर बसले आणि एक शब्द न बोलता पैलवान लावायला लागले. पंधरा मिनिटं लागली असतील. यांचा तुकडा, त्यांचा तुकडा. काका बोटांनी कडा चाचपायचे, धाकटे नजरेने. मिशी सलग झाली. शेवटी काकांनी बेंबी उचलली, जागेवर ठेवली, आणि ती बसेना.

बसणार कशी? एकतीस वर्षं रोज पाण्याने न्हालेली. फुगली होती.

"बाईनू," धाकटे म्हणाले, "कट्ट्याक सांगा, जरासो दाब."

"मिठबावाक सांगा," काका म्हणाले, "दाबूचां नाय."

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. माझं डोकं उठलं होतं. काकी आतून पदराला हात पुसत आल्या, बेंबी घेतली, सुपात ठेवली आणि सूप नेऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उन्हात ठेवलं. "सुकांदे," म्हणाल्या. "तवसर जेवा." पानात काळ्या वाटाण्याची आमटी वाढली आणि भावजींची पथारी माजघरात टाकली. कुणी त्यांना राहा म्हटलं नाही, ते जातो म्हणाले नाहीत.

दोन दिवस खळ्यात एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला धाकटे, मधे सुपात बेंबी. मी शाळेत जाताना तसेच, येताना तसेच. बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी जेवायला आले, आणि बघते तर एक कावळा सुपाच्या काठावर. काकांना तो दिसत नव्हता. त्याने चोच घातली आणि धाकटे, गुडघे विसरून उभे राहत, ओरडले, "दादा, कावळो!"

"खंय?" काका म्हणाले.

एकतीस वर्षांनी दोघा भावांचं पहिलं बोलणं झालं ते एवढंच. पण झालं ते झालं. धाकट्यांनी चप्पल भिरकावली, काकांनी काठी भलतीकडेच हाणली, माझ्या पायावर लागली, कावळ्याने माडाच्या आळ्यात बेंबी टाकली. दोघे जण चार पायांवर आळं चाचपत होते. "हय बघ रे." "हय नाय, तुज्या हाताकडे." "अरे मेल्या, माका दिसता काय?" "मगे गप रव, मी बघतंय." मी लंगडत घरात गेले तर काकी चुलीपुढे बसून पदर तोंडात कोंबून रडत होत्या. मीही बसले त्यांच्याजवळ. शाळेची घंटा झाली तरी उठले नाही.

त्या दिवशी उतरत्या उन्हात बेंबी बसली. दाबावी लागली नाही. काका पैलवानावर इतके वाकले, की नाक त्याच्या मिशीला लागलं. वरून खाली, खालून वर, सगळा बघितला.

"तितकोसो बरो नाय काढलेलो," ते म्हणाले.

"हात दोन मापाचे आसत," धाकटे म्हणाले.

"बापाशीक मातर आवडायचो."

"व्हय."

मग काकांनी पैलवान मोडला आणि तुकडे मोजायला लागले. एक तुला, एक मला. मी म्हटलं, "अहो काका, आता कशाला पुन्हा? ठेवा की एका खोक्यात!" मला खरंच संताप आला होता. पायही दुखत होता.

"वाटणी ती वाटणी, बाईनू," काका म्हणाले. धाकट्यांनीही मान हलवली. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं. साठ डब्यात गेले, साठ खोक्यात, बेंबी गुरवाकडे परत. स्टँडवर सोडायला मी गेले तेव्हा एसटीच्या पायरीवरून धाकटे म्हणाले, "फुडल्या वर्साक जत्रेआदलो सोमार. तेका सांगान ठेवा." तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दोन भावांना जमलं ते गणिताच्या बाईला उशिरा कळलं.

ते दरवर्षी आले. दरवर्षी देवाला विचारायचं, दरवर्षी बेंबी वर्षभराच्या स्नानांनी फुगलेली असायची, दरवर्षी दोन दिवस उन्हात. दुसऱ्या वर्षापासून काकांना काहीच दिसत नव्हतं. ते बोटांनी लावायचे आणि धाकटे शेजारी बसून सांगायचे, "आता मिशी इली. आता दंड." घरात गेल्यावर वाकायची सवय मात्र सुटली नव्हती. हाताने पाय चाचपायचे. लोकही सरावले होते, आपणहून खाटेशी नेऊन उभं करायचे.

माझ्या कट्ट्यातल्या शेवटच्या वर्षी, पावसाळ्यात, काका गेले. चार दिवसांचा ताप, बस्स.

जत्रेआधीच्या सोमवारी धाकटे आले. डबा बगलेत. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. देवळात एकटेच उभे राहिले. गुरवाने दोघांच्या नावाने गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पडली. दोन दिवस खळ्यात बसून त्यांनी एकट्याने कावळे हाकले. मग काकींनी फळीवरचं खोकं काढून दिलं आणि ते एकटेच पैलवान लावत बसले. मधेच हात थांबायचा. समोरची बाजू रिकामी होती, त्या बाजूचे तुकडे त्यांना हात लांब करून लावावे लागत होते. पुरा झाला तेव्हा म्हणाले, "दादा, झालो."

नंतर त्यांनी सगळे तुकडे मोडून एका ढिगात ओढले आणि ढीग काकींच्या खोक्यात लोटायला लागले. "वयनी, आता सगळां तुमच्याकडेच ऱ्हवांदे. माजो डबो कित्याक व्हयो? वाटणी आता कोणाबरोबर?"

काकींनी खोकं ओढून घेतलं. आयुष्यभर त्या तुकड्यांना लाकडं म्हणाल्या होत्या, कधी पाटाशी बसल्या नव्हत्या. त्या पाटासमोर, काकांच्या जागी बसल्या आणि मोजायला लागल्या. एक इकडे, एक तिकडे. साठ झाल्यावर त्यांनी ते धाकट्यांच्या डब्यात भरले आणि झाकण लावलं.

"तुमचे साठ तुमी व्हरा, भावजी," त्या म्हणाल्या. "आणि फुडल्या वर्साक एक दीस आदी येवा. बेंबी सुकाक येळ लागता."

धाकट्यांनी डबा बगलेत मारला आणि ते स्टँडकडे निघाले. मी बेंबी देवळात नेऊन दिली.